आगामी प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप्सविषयीच्या अफवा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अधिकृत घोषणा, फुटलेली माहिती आणि निव्वळ अंदाज यांत फरक कसा ओळखावा?

एकाच बातमीत या तिन्ही गोष्टी बहुधा मिसळलेल्या असतात, म्हणून प्रत्येक वाक्य वेगळे काढून तपासावे लागते. कंपनीने स्वतःच्या व्यासपीठावरून सांगितलेली गोष्ट अधिकृत होय. उदाहरणार्थ, 'व्हेनिस' या सांकेतिक नावाचा आपला सर्व्हर प्रोसेसर टीएसएमसी या चिप बनवून देणाऱ्या कंपनीच्या २ नॅनोमीटर प्रक्रियेवर टेप-आउट झाल्याचे, म्हणजे त्याचा आराखडा कारखान्याकडे गेल्याचे, एएमडीने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केले, आणि त्यात २५६ पर्यंत कोअर्स, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे गणनाचे विभाग, असतील हेही पुढे जूनमध्ये सांगितले. फुटलेली माहिती म्हणजे कंपनीच्या किंवा तिच्या भागीदारांच्या कागदपत्रांतून, सॉफ्टवेअरमधून वा नमुन्यांमधून तिच्या इच्छेविना बाहेर आलेली गोष्ट. ती अस्सल असूनही शिळी असू शकते, कारण आराखडे बदलत राहतात. अंदाज हा मागच्या पिढ्यांवरून पुढच्या पिढीविषयी बांधलेला तर्क असतो, आणि तो प्रामाणिकपणे अंदाज म्हणून मांडला तर त्यात वावगे काही नाही. अडचण तेव्हा होते, जेव्हा एका ठिकाणचा अंदाज दुसऱ्या ठिकाणी 'सूत्रांच्या माहितीनुसार' म्हणून छापला जातो आणि तिसऱ्या ठिकाणी त्या दोन्हींचा दाखला देऊन पक्की बातमी म्हणून मांडला जातो. तीन ठिकाणी तेच वाचले म्हणजे तीन साक्षीदार मिळाले असे होत नाही. मूळ झरा एकच आहे का, हे आधी पाहावे.

चिप बाजारात येण्याच्या इतक्या आधी माहिती बाहेर येतेच कशी?

कारण चिप एकटी येत नाही. मदरबोर्ड बनवणाऱ्यांना सॉकेटची, म्हणजे प्रोसेसर बसवण्याच्या खाचेची, मापे आणि विजेच्या गरजा कित्येक महिने आधी लागतात, ग्राफिक्स कार्ड जोडणाऱ्यांना पंखे आणि उष्णतावाहक धातूचे भाग घडवायचे असतात, लॅपटॉपच्या कंपन्यांना वर्षभर आधी आराखडा हवा असतो, आणि ऑपरेटिंग सिस्टिमला नवी चिप ओळखता यावी लागते. इतक्या हातांतून गेलेली गोष्ट पूर्ण गुप्त राहणे कठीणच.

यांपैकी सर्वांत विश्वासार्ह मार्ग माझ्या मते मुक्त सॉफ्टवेअरचा आहे. लिनक्सचा गाभा, जीसीसी आणि एलएलव्हीएम हे कंपायलर (लिहिलेला प्रोग्राम चिपच्या भाषेत उतरवणारी साधने) यांत नव्या चिपसाठीचे बदल कंपन्यांचे स्वतःचे अभियंते उघडपणे पाठवतात, कारण चिप विक्रीला येईल त्या दिवशी सॉफ्टवेअर तयार असले पाहिजे. एएमडीने झेन ५ या आपल्या नव्या प्रोसेसर-रचनेसाठीचा आधार फेब्रुवारी २०२४ मध्ये जीसीसीकडे पाठवला आणि कोणत्या नव्या आज्ञा प्रोसेसरला समजणार आहेत हे ऑगस्टमधील विक्रीच्या सहा महिने आधीच कोणालाही वाचता आले. एएमडीच्या रेडिऑन ग्राफिक्स कार्डांच्या आरडीएनए ४ पिढीतील दोन चिप्सही 'जीएफएक्स १२००' आणि 'जीएफएक्स १२०१' या क्रमांकांनी एलएलव्हीएममध्ये मार्च २०२५ मधील विक्रीच्या कितीतरी आधी दिसल्या होत्या. ही फुटलेली माहिती नव्हे, उघड दप्तर आहे. फक्त ते वाचण्याची चिकाटी हवी.

दुसरा मार्ग मालवाहतुकीच्या नोंदींचा. चाचणीसाठी देशोदेशी जाणाऱ्या नमुन्यांच्या कागदांवर सांकेतिक नाव, सॉकेट आणि कधीकधी वीजमर्यादा लिहिलेली असते. तिसरा मार्ग बेंचमार्क म्हणजे वेग मोजणाऱ्या कार्यक्रमांच्या सार्वजनिक डेटाबेसचा, चौथा प्रमाणपत्रांसाठी केलेल्या सरकारी नोंदणीचा, आणि पाचवा विक्रेत्यांनी घाईने चढवलेल्या पानांचा. यांखेरीज सरळ चोरीही झालेली आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये गिगाबाइटवर झालेल्या खंडणीच्या सायबर हल्ल्यानंतर एएमडीच्या एएम५ सॉकेटची कागदपत्रे बाहेर आली, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये लॅप्सस या टोळीने एनव्हिडियाची अंतर्गत माहिती चोरली तेव्हा 'एडा' या पुढच्या ग्राफिक्स पिढीतील चिप्सच्या रचनेचे तपशील तिच्यातून फुटले. दोन्ही वेळी तांत्रिक तपशील पुढे खरे ठरले. तरीही चोरीच्या मालाला बातमीचे मोल देताना त्यामागे ज्यांचे काम उघड्यावर पडले त्या अभियंत्यांचा विचार व्हावा असे मला वाटते.

अफवेतील कोणत्या गोष्टींवर जास्त विश्वास ठेवावा?

हा या विषयातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर चिप कशी घडते यात दडलेले आहे. जी गोष्ट लवकर ठरते तिची बातमी लवकर आली तरी खरी असू शकते. जी गोष्ट शेवटच्या आठवड्यात ठरते तिची बातमी सहा महिने आधी कोणाकडेच असू शकत नाही, कारण ती गोष्ट तोवर अस्तित्वातच नसते. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

नव्या रचनेच्या प्रोसेसरवर साधारणतः चार-पाच वर्षे काम चालते. कोणती उत्पादनप्रक्रिया वापरायची, कोअरची अंतर्गत रचना कशी असावी, एका डायवर म्हणजे सिलिकॉनच्या तुकड्यावर किती कोअर्स किंवा किती संगणन-एकके बसवायची, मेमरीचा मार्ग किती बिटांचा ठेवायचा, हे सगळे टेप-आउटपूर्वी पक्के झालेले असते. टेप-आउटनंतर मुखवट्यांचा संच तयार होतो, वेफर काही महिने शेकडो टप्प्यांतून जातो, पहिले नमुने प्रयोगशाळेत येतात, त्यांतील दोष शोधले जातात आणि गरज पडली तर सुधारित स्टेपिंग, म्हणजे त्याच चिपची दुरुस्त आवृत्ती, काढली जाते. टेप-आउटपासून दुकानापर्यंत वर्ष किंवा त्याहून अधिक काळ सहज जातो. या काळात डायचा आकार, कोअर्सची कमाल संख्या आणि मेमरीच्या मार्गाची रुंदी बदलता येत नाही. बदलायची तर आराखडाच नव्याने काढावा लागतो.

याउलट क्लॉक स्पीड किती ठेवायचा हे नमुने हाती आल्यावर आणि किती टक्के डाय चांगले निघतात हे कळल्यावर ठरते. त्यानंतर वीजमर्यादा ठरते, कोणत्या मॉडेलमध्ये किती कोअर्स बंद ठेवायचे ते ठरते, मग नाव आणि सर्वांत शेवटी किंमत. म्हणून विक्रीच्या आठ महिने आधी मेमरीचा मार्ग २५६ बिटांचा असल्याचे कोणी सांगितले तर ते गांभीर्याने घ्यावे. त्याच व्यक्तीने त्याच दिवशी किंमतही सांगितली तर ती बाजूला ठेवावी. एकाच सूत्राची अर्धी माहिती घ्यायची आणि अर्धी सोडायची, हे ऐकायला विचित्र वाटले तरी अफवा वाचण्याची याहून चांगली रीत मला सापडलेली नाही.

आकडा खरा असूनही अफवा चुकते ती कशी?

याचे उत्तम उदाहरण सप्टेंबर २०२० मधील एनव्हिडियाच्या जीफोर्स ३० या ग्राफिक्स कार्ड मालिकेचे आहे. आरटीएक्स ३०९० मध्ये ५२४८ क्युडा कोअर्स असतील असे घोषणेच्या आदल्या दिवसांपर्यंत सर्वत्र छापले जात होते. प्रत्यक्षात एनव्हिडियाने १०४९६, म्हणजे नेमके दुप्पट, जाहीर केले. माहिती देणारे खोटे बोलत नव्हते, कारण चिपमधील एसएम नावाचे ८२ विभाग त्यांनी बरोबर सांगितले होते. मागील पिढीप्रमाणे प्रत्येक विभागात ६४ कोअर्स धरले, तर गुणाकार ५२४८ च येतो. पण एनव्हिडियाने या पिढीत प्रत्येक विभागातील ३२-बिट दशांश गणिते करणारी एकके दुप्पट केली होती, आणि ही गोष्ट कार्ड जोडणाऱ्या भागीदारांच्या कागदांत नव्हती. मोजमाप बरोबर होते, पण मोजपट्टी बदलली होती.

पुढच्या गोष्टीतून दुसरा धडा मिळतो. कोअर्स दुप्पट झाल्यावर कार्ड दुप्पट वेगवान होईल असे अनेकांनी मानले, पण तसे झाले नाही. नव्याने जोडलेल्या एककांना पूर्णांकांच्या गणिताशी जागा वाटून घ्यावी लागत होती आणि मेमरी व कॅश (चिपमधीलच छोटी, जलद मेमरी) त्या प्रमाणात वाढलेली नव्हती. रेडिऑनच्या आरडीएनए ३ बाबतीतही हाच प्रकार दिसला. सुरुवातीच्या चर्चेत सर्वांत मोठ्या चिपमध्ये १५३६० शेडर्स (क्युडा कोअर्ससारखी एएमडीची एकके) असतील असे सांगितले गेले. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या आरएक्स ७९०० एक्सटीएक्समध्ये ते ६१४४ होते, आणि प्रत्येकाला काही परिस्थितीत एकाच वेळी दोन आज्ञा पार पाडता येत होत्या. ती परिस्थिती खेळांमध्ये किती वेळा येते, हे आकड्यांच्या तक्त्यात कुठेही लिहिलेले नसते. कोअर्सची तुलना एकाच पिढीतील दोन चिप्समध्ये करावी, दोन पिढ्यांमध्ये करू नये.

'नवा प्रोसेसर ४० टक्के जलद' अशा बातम्यांचा अर्थ काय घ्यावा?

प्रथम विचारावे, कशाच्या तुलनेत आणि कोणत्या कामात? प्रोसेसरच्या बाबतीत दोन गोष्टींची गल्लत होते. दर सेकंदाच्या ठोक्यांची संख्या म्हणजे क्लॉक स्पीड आणि दर ठोक्याला पार पडणाऱ्या आज्ञांची सरासरी म्हणजे आयपीसी. एकूण वेग या दोन्हींच्या गुणाकारातून येतो आणि अनेक कोअर्सच्या कामात कोअर्सची संख्या व वीजमर्यादाही त्यात भर घालतात. 'चाळीस टक्के' यांतील कशाविषयी आहे हे ज्या बातमीत सांगितलेले नाही, ती पुढे वाचण्याची गरज नाही.

इतिहास पाहिला तर प्रमाणाचे भान येते. एएमडीने २०१७ मध्ये पहिला झेन आणला तेव्हा मागील रचनेपेक्षा आयपीसी ५२ टक्क्यांनी वाढल्याचे सांगितले होते. ती उडी खरी होती, पण मागची रचना बरीच दुर्बळ असल्यामुळे ती शक्य झाली. नोव्हेंबर २०२० मधील झेन ३ साठी कंपनीचा दावा १९ टक्क्यांचा होता आणि तोही मोठा मानला गेला. झेन ५ विषयी २०२४ च्या सुरुवातीला ४० टक्क्यांच्या चर्चा रंगल्या. जूनमध्ये कंपनीने सरासरी १६ टक्के वाढ जाहीर केली, आणि विक्री सुरू झाल्यावर खेळांच्या चाचण्यांत तर अनेकांना त्याहून कमी फरक दिसला. मला या प्रकरणाची हळहळ वाटते, कारण रुंद केलेला कोअर आणि ५१२ बिटांच्या आज्ञांसाठीची पूर्ण रुंदीची एकके हे अभियांत्रिकीचे उत्तम काम होते, आणि ते अवास्तव अपेक्षेच्या सावलीत झाकले गेले. परिपक्व रचनेत एका पिढीत आयपीसी १० ते २० टक्क्यांनी वाढणे ही चांगली प्रगती समजावी.

बेंचमार्क डेटाबेसमध्ये आगामी चिपची नोंद दिसली तर ती पुरावा मानावी का?

चिप अस्तित्वात असल्याचा पुरावा म्हणून ती बऱ्यापैकी मानता येते, पण वेगाचा पुरावा म्हणून नाही. सुरुवातीचे अभियांत्रिकी नमुने मुद्दाम कमी क्लॉक स्पीडवर चालवले जातात, कारण त्यांचा हेतू मदरबोर्ड सुरू होतो का, मेमरी ओळखली जाते का, हे तपासण्याचा असतो. विक्रीयोग्य दर्जाचे नमुने, ज्यांना क्यूएस म्हणतात, शेवटच्या काही महिन्यांत येतात आणि त्यांचे आकडे अंतिम चिपच्या जवळ असतात. एवढी काळजी घेऊनही मेमरीचा वेग, थंड करण्याची सोय आणि वीजमर्यादा या नोंदीत दिसतीलच असे नाही. शिवाय काही कार्यक्रमांत प्रोसेसरचे नाव बदलून खोटी नोंद करणे फारसे अवघड नाही. जुन्या कार्यक्रमांना नव्या चिपचा क्लॉक स्पीडही कधीकधी चुकीचा वाचता येतो. एकाच नमुन्याच्या अनेक दिवसांच्या नोंदी सुसंगत असतील, तरच त्यावर तर्क बांधावा.

नॅनोमीटरचा आकडा लहान म्हणजे चिप हमखास चांगली का?

नाही, आणि हा आकडा आता मापही राहिलेला नाही. '३ नॅनोमीटर' म्हणवणाऱ्या प्रक्रियेत दोन शेजारच्या गेटांमधील अंतर प्रत्यक्षात चाळीस नॅनोमीटरहून अधिक असते. इंटेलने जुलै २०२१ मध्ये आपल्या सुधारित १० नॅनोमीटर प्रक्रियेचे नाव 'इंटेल ७' केले, तेव्हा कारखान्यात त्या दिवशी काही बदलले नव्हते. ट्रान्झिस्टरांच्या दाटीच्या दृष्टीने तिची तुलना टीएसएमसीच्या ७ नॅनोमीटरशी व्हावी, हा त्यामागचा तर्क होता आणि तो बराचसा योग्यही होता.

अफवांच्या दृष्टीने खरे महत्त्व आहे ते प्रक्रिया वेळेवर तयार होते का, याला. इंटेलचे १० नॅनोमीटर इतके रखडले की २०१४ मध्ये ब्रॉडवेल पिढीने सुरू केलेल्या १४ नॅनोमीटरवर कंपनीला डेस्कटॉपसाठी रॉकेट लेक पिढीपर्यंत, म्हणजे मार्च २०२१ पर्यंत, राहावे लागले. मधल्या काळातील आराखड्यांविषयीच्या बातम्या फुटल्या तेव्हा खऱ्याच होत्या. कारखाना तयार नसल्यामुळे त्या खोट्या ठरल्या. इंटेलच्याच अॅरो लेक या प्रोसेसर पिढीचेही तसेच. तिच्यासाठी इंटेल २०ए प्रक्रिया अधिकृतपणे दाखवली गेली होती, पण सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने २०ए सोडून १८ए वर लक्ष केंद्रित केल्याचे सांगितले आणि ऑक्टोबरमध्ये आलेल्या अॅरो लेकचा संगणनाचा भाग टीएसएमसीकडून बनवून घेतलेला होता. अधिकृत आराखडासुद्धा वचन नसून नियोजन असते, हे यावरून दिसते.

ग्राफिक्स चिपच्या बाबतीत आणखी एक मर्यादा ध्यानात घ्यावी. छायामुद्रणाचे यंत्र एका वेळी जास्तीत जास्त २६ गुणिले ३३ मिलिमीटर, म्हणजे ८५८ चौरस मिलिमीटर क्षेत्र उमटवू शकते. आरटीएक्स ४०९० ची डाय सुमारे ६०८ चौरस मिलिमीटरची होती आणि आरटीएक्स ५०९० ची ७५० ची आहे. दोन्ही टीएसएमसीच्या एकाच कुळातील प्रक्रियेवर बनतात. प्रक्रियेत मोठी झेप नसेल तर वेग मुख्यतः आकार आणि वीज वाढवूनच मिळतो. ज्या पिढीत प्रक्रिया बदलत नाही, त्या पिढीविषयी 'दुप्पट वेग' अशी बातमी आली तर तो कोणत्या कामात आणि खेळातील चित्रचौकटी (फ्रेम) कृत्रिमरीत्या निर्माण करून की काय, हे विचारावे.

वीजवापराच्या अफवा नेहमी अतिशयोक्त का वाटतात?

अनेकदा त्या कमाल मर्यादेचे आकडे असतात. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० साठी ६०० वॅटची चर्चा सुरू होती. नवा वीजजोड ६०० वॅटपर्यंत वीज पुरवू शकतो आणि भागीदारांना त्या मर्यादेसाठी तयारी करायला सांगितलेले असू शकते. कार्ड मात्र ४५० वॅटचे आले. त्यासाठी घडवलेला अवाढव्य उष्णताशोषक त्या तयारीची साक्ष देतो. पुढे आरटीएक्स ५०९० ला ५७५ वॅटची मर्यादा मिळाली, तेव्हा जुनी अफवा एका पिढीने आधी आली होती असेही म्हणता येईल.

प्रोसेसरच्या बाबतीत टीडीपी (उष्णता व विजेची जाहीर केलेली मर्यादा) हा शब्द फसवा आहे. एएम५ सॉकेटवरील १७० वॅट टीडीपीचा एएमडीचा रायझन प्रोसेसर सॉकेटमधून २३० वॅट घेऊ शकतो, आणि इंटेलच्या आय९-१३९००के ची मूळ मर्यादा १२५ वॅट असली तरी टर्बो मर्यादा २५३ वॅट आहे. अफवेतील आकडा यांपैकी कोणता, हे स्पष्ट नसेल तर तुलना करू नये.

नावांवरून काही ताडता येते का?

फारच थोडे. २०१८ मध्ये पुढील जीफोर्स 'जीटीएक्स ११८०' असेल की 'जीटीएक्स २०८०' यावर महिनोन्‌महिने वाद झाला आणि शेवटी 'आरटीएक्स २०८०' आले. आरडीएनए ४ चे कार्ड 'आरएक्स ८८०० एक्सटी' म्हणून जवळजवळ सर्वांनी गृहीत धरले होते. जानेवारी २०२५ मध्ये एएमडीने त्याला 'आरएक्स ९०७० एक्सटी' म्हटले. नाव हे छापील खोक्यापुरते असते आणि खोके शेवटी छापले जाते.

किमतीच्या अफवांवर विश्वास ठेवावा का?

माझे स्पष्ट मत, ठेवू नये. किंमत घोषणेनंतरही बदलते, याचे दाखले आहेत. जून २०१९ मध्ये आरएक्स ५७०० एक्सटीची किंमत ४४९ डॉलर जाहीर झाली. एनव्हिडियाने मध्ये आपली 'सुपर' कार्डे आणल्यावर विक्रीच्या दोन दिवस आधी ती ३९९ करण्यात आली. ऑक्टोबर २०२२ मध्ये तर एनव्हिडियाने ८९९ डॉलरला जाहीर केलेले १२ जीबीचे आरटीएक्स ४०८० ग्राहकांच्या नाराजीनंतर मागेच घेतले आणि जानेवारी २०२३ मध्ये तीच चिप ७९९ डॉलरला 'आरटीएक्स ४०७० टीआय' म्हणून आणली. किंमत जिथे जाहीर झाल्यावरही पक्की नसते, तिथे सहा महिने आधी ती कोणाला 'कळली' हे संभवत नाही. विक्रेत्यांच्या पानांवर आधी दिसणाऱ्या किमती बहुधा जागा भरण्यासाठी टाकलेल्या असतात. दिशा मात्र ताडता येते. डायचा आकार, मेमरीचे प्रमाण आणि प्रतिस्पर्ध्याचे कार्ड या तिन्ही गोष्टी माहीत असतील तर किमतीच्या पट्ट्याचा सुज्ञ अंदाज बांधता येतो, आणि तो अंदाज म्हणूनच सांगावा.

पुढची पिढी कधी येईल, हे आधी कसे ओळखावे?

मागील अंतरे पाहिली तर बरेच कळते. जीफोर्सच्या मोठ्या पिढ्या मे २०१६, सप्टेंबर २०१८, सप्टेंबर २०२०, ऑक्टोबर २०२२ आणि जानेवारी २०२५ अशा आल्या, म्हणजे दोन वर्षांहून थोडे अधिक अंतर पडत गेले. डेस्कटॉपवरील झेन ३, झेन ४ आणि झेन ५ यांत प्रत्येकी दोन वर्षांपेक्षा थोडेच कमी अंतर होते. घोषणांसाठी जानेवारीतील सीईएस, मार्चमधील एनव्हिडियाची जीटीसी, मे-जूनमधील तैपेईचे कॉम्प्युटेक्स आणि ऑगस्टमधील हॉट चिप्स ही ठरलेली व्यासपीठे आहेत. यांच्याशी न जुळणाऱ्या तारखा थोड्या सावधपणे घ्याव्यात.

अगदी पक्की तारीखही घसरू शकते. रायझन ९००० मालिका ३१ जुलै २०२४ ला यायची होती. पहिल्या खेपेतील काही चिप्स अपेक्षित दर्जाच्या नसल्याचे सांगून एएमडीने ती ८ आणि १५ ऑगस्टवर ढकलली. हा निर्णय कोणत्याही अफवेत नव्हता, आणि मला तो योग्यही वाटतो.

'अमुक चिप रद्द झाली' या बातम्या कितपत खऱ्या असतात?

इथे सर्वाधिक सावधगिरी हवी, कारण या बातम्यांमुळे लोक एखाद्या उत्पादनाकडे पाठ फिरवतात. इंटेलचा ग्राफिक्स कार्डांचा विभाग बंद होणार असे २०२२ मध्ये वारंवार सांगितले गेले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये आर्क ए७७० आले आणि डिसेंबर २०२४ मध्ये दुसऱ्या पिढीतील बी५८० अवघ्या २४९ डॉलरला आले. अर्थात मोठमोठे आराखडे खरोखर रद्दही होतात, म्हणून अशी बातमी आपोआप खोटी ठरत नाही. पण एक मॉडेल गळणे, एक डाय रद्द होणे आणि संपूर्ण विभाग बंद होणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बातमी देणारा त्यांत फरक करतो की नाही यावरून त्याची पारख होते.

ग्राफिक्स कार्डात मेमरी किती असेल, हे स्वतः ताडता येते का?

येते, आणि प्रत्येक वाचकाने हे गणित शिकून घ्यावे असे मी आवर्जून सांगेन. ग्राफिक्स मेमरीची प्रत्येक चिप ३२ बिटांच्या मार्गाने जोडलेली असते. २५६ बिटांचा मार्ग म्हणजे आठ चिप्स. प्रत्येक २ जीबीची असेल तर १६ जीबी, आणि आरटीएक्स ५०८० मध्ये तेवढीच मेमरी आहे. १९२ बिट म्हणजे सहा चिप्स आणि १२ जीबी. कार्डाच्या दोन्ही बाजूंना चिप्स बसवल्या तर प्रमाण दुप्पट होते. आरटीएक्स ४०६० टीआय हे १२८ बिटांचे कार्ड ८ आणि १६ अशा दोन रूपांत आले ते त्यामुळेच. जीडीडीआर७ या नव्या प्रकारच्या ग्राफिक्स मेमरीत ३ जीबीच्या चिप्सही बनतात आणि त्या वापरातही आहेत. लॅपटॉपसाठीच्या आरटीएक्स ५०९० ला २५६ बिटांवर २४ जीबी त्यांच्यामुळेच मिळाली. म्हणून ५० मालिकेच्या 'सुपर' आवृत्त्यांविषयी २४ आणि १८ जीबीच्या चर्चा आल्या तेव्हा त्या निदान गणितात बसणाऱ्या होत्या. याउलट २५६ बिटांच्या कार्डात २० जीबी असल्याची बातमी आली, तर दोन प्रकारच्या चिप्स मिसळल्याशिवाय ते जमत नाही, आणि तसे सहसा केले जात नाही.

गणितात बसणे आणि बाजारात येणे यांत मात्र अंतर आहे. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडून मागणी वाढल्यामुळे मेमरीच्या किमती झपाट्याने चढल्या. डिसेंबरमध्ये मायक्रॉनने 'क्रूशल' हा ग्राहकांसाठीचा व्यवसाय सोडण्याचे जाहीर केले. अशा काळात तांत्रिकदृष्ट्या तयार असलेले कार्डही लांबणीवर पडू शकते. त्यामुळे मेमरीची टंचाई हा पुढील अफवांना लावायचा पहिला निकष आहे.

झेन ६, नोव्हा लेक आणि पुढील जीफोर्स यांच्या चर्चांना या कसोट्या कशा लावाव्यात?

झेन ६ विषयी सर्वाधिक चर्चा एका चिपलेटवर (ज्या छोट्या डाय जोडून प्रोसेसर बनतो त्यांपैकी एकीवर) आठऐवजी बारा कोअर्स असण्याची आहे. ही डायविषयीची, म्हणजे लवकर ठरणारी गोष्ट आहे. शिवाय डेस्कटॉपवरील सोळा कोअर्सची मर्यादा २०१९ मधील रायझन ९ ३९५०एक्सपासून हललेली नाही आणि नव्या प्रक्रियेत जागा मिळते, त्यामुळे ती मला पटण्यासारखी वाटते. एएम५ सॉकेटला २०२७ आणि त्यापुढेही आधार देण्याचे एएमडीने सांगितलेले असल्याने जुन्या मदरबोर्डवर तो चालेल हा तर्कही सुसंगत आहे. त्याच बातम्यांत येणारे सात गिगाहर्ट्झच्या आसपासचे आकडे मात्र शेवटी ठरणाऱ्या गोष्टींत मोडतात.

इंटेलच्या नोव्हा लेकचे नाव कंपनीने स्वतः सांगितले असून ते २०२६ च्या अखेरीचे उत्पादन म्हणून मांडले आहे. चर्चेतील ५२ कोअर्सचा आकडा १६ मोठे, ३२ छोटे आणि ४ अतिशय कमी विजेचे अशा बेरजेतून येतो, म्हणून त्याची तुलना २४ एकसारख्या कोअर्सशी थेट होत नाही. नवे सॉकेट लागेल ही बातमी मदरबोर्डच्या साखळीतून येणारी असल्याने वजनदार आहे. मोठ्या कॅशचीही चर्चा आहे, आणि तिच्यामागे सबळ कारण आहे. एप्रिल २०२२ मधील ५८००एक्स३डीच्या ९६ एमबी कॅशने खेळांत काय फरक पडतो हे सर्वांना दाखवून दिले आहे.

एनव्हिडियाने 'रुबिन' ही पुढील पिढी २०२६ साठी जाहीर केली आहे, पण ती डेटा सेंटरसाठी आणि एचबीएम४ या थरांच्या जलद मेमरीसह आहे. तिच्यावरून खेळांच्या कार्डाविषयी निष्कर्ष काढताना 'व्होल्टा' आठवावी. ती २०१७ मध्ये डेटा सेंटरमध्ये आली, जीफोर्सच्या नावाने मात्र कधीच आली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये एनव्हिडियाने इंटेलमध्ये पाच अब्ज डॉलर गुंतवण्याचे आणि आरटीएक्स ग्राफिक्ससह एक्स८६ चिप्स एकत्र बनवण्याचे जाहीर केले. हा करार अधिकृत आहे. चिप्स रचायला लागणारी वर्षे लक्षात घेता त्यांच्या वेगाचे आकडे आताच सांगणाऱ्यांकडे दुर्लक्ष करावे.

मग नव्या पिढीसाठी थांबावे का?

अधिकृत घोषणा दोन-तीन महिन्यांवर असेल आणि आत्ताच्या यंत्रावर काम अडत नसेल तर थांबावे. घोषणा त्याहून लांब असेल, किंवा रोजचे काम खोळंबत असेल, तर केवळ अफवेपायी थांबू नये, कारण तिच्यानंतर पुढची अफवा येतेच. घोषणा झाल्यावरही लगेच खरेदी करण्यापेक्षा चार ते सहा आठवडे स्वतंत्र चाचण्या वाचाव्यात. आरटीएक्स ४०९० चे वितळणारे वीजजोड विक्रीनंतर काही आठवड्यांतच दिसले, आणि २०२५ मध्ये ५० मालिकेच्या थोड्या कार्डांत आठ आरओपी (चित्राचे अंतिम ठिपके उमटवणारी एकके) कमी असल्याचे ग्राहकांनी स्वतः शोधून काढले. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतील अस्थिरतेचे मूळ कारण तर कळायला बराच काळ गेला आणि त्यावरील मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या अंतर्गत आज्ञांची दुरुस्ती, ऑगस्ट २०२४ मध्ये आला. ज्यांनी आधीच चिप घेतली आहे त्यांनी मदरबोर्डचा बायॉस अद्ययावत ठेवावा आणि खरेदीची पावती वॉरंटीच्या मुदतीपर्यंत जपून ठेवावी. त्या प्रकरणात इंटेलने बाधित डेस्कटॉप प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली होती.